नरसिंहाचे जाळीचे डोळे

४ एप्रिल, शनिवार

वितळली! पूर्ण वितळली! खिडकीची जाळी हीट प्रेसमध्ये ठेवली, एकशे नव्वद डिग्री, पन्नास सेकंद. झाकण उचललं तर जाळीच नाही. नुसता चिकट काळपट थर. आणि वास असा, की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं शटर अर्धं खाली ओढलं.

चंद्रभानदादा डोक्याला हात लावून उभे. दुकान त्यांचं - फोटोचे कप, टी-शर्ट, वाढदिवसाच्या उशा. कॉलेज सुटल्यावर मी तिथं तीन तास डिझाइनचं काम करते. म्हणाले, "भक्ते, ही मशीन हाय का धुपाटणं?"

साफ करून दिली. दोन तास लागले. पण कळलं ना! खिडकीची जाळी साध्या प्लास्टिकची असते. मला पाहिजे पॉलिस्टर, तेही पांढरं. सब्लिमेशनची शाई तापली की तिची वाफ होते आणि ती वाफ पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. रंग वर बसत नाही, आत जातो. म्हणून भोकं बुजत नाहीत. म्हणूनच बाहेरच्या देशातले कॉस्च्युमवाले असे डोळे करतात - समोरच्याला डोळा दिसतो आणि आतल्या माणसाला त्याच डोळ्यातून बाहेरचं सगळं दिसतं. तीन वर्षं झाली त्यांचे व्हिडिओ बघायलेय. परभणीत अजून कुणी केलेलं नाही. मी करणार.

कुणासाठी? नरसिंहासाठी! म्हणजे मुंजाजीकाकांसाठी.

काका बाबांचे चुलत भाऊ, आमच्या भिंतीला भिंत. नरसिंह जयंतीला गावात देवाचं सोंग निघतं आणि एकतीस वर्षं तो मुखवटा काकाच घालतात. मुखवट्याचे डोळे नुसते रंगवलेले. बघायला नाकपुड्यांजवळ हरभऱ्याएवढी दोन भोकं. म्हणून दोघं जण दोन बाजूंनी कमरेचा शेला धरून देवाला चालवतात. मागच्या वर्षी धरलेलं असूनही देवळाच्या पायरीवर काकांचा पाय चुकला. दोघांना घेऊन खाली. धरणाऱ्या बजरंगदादाच्या मनगटाला दीड महिना प्लास्टर. आता तोच जयंतीच्या कमिटीचा अध्यक्ष. म्हणाला, "काका, लय केलं तुमी. यंदा देव दुसऱ्याच्या अंगावर देऊ."

काका त्या दिवसापासून नीट जेवले नाहीत. केशरकाकूनं आईला सांगितलं.

मग मी बोलले. सगळ्या कमिटीसमोर! "चूक काकांची नाही, त्या भोकांची आहे. मी डोळे करते." सगळे हसले. बजरंगदादाही हसला, पण म्हणाला, "कर. डोळे जमले तर काका. न्हाई जमले तर देव मी घेतो."

तीस तारखेला जयंती. सव्वीस दिवस. भरपूर आहेत.

५ एप्रिल, रविवार

घरातलं सगळं पांढरं कापड काडीनं जाळून बघितलं. सुती असलं तर राख होते. पॉलिस्टर असलं तर वितळून टोकाला मणी येतो. उशीचा अभ्रा - राख. माझी जुनी ओढणी - मणी, पण वीणच बंद, भोकं नाहीत. बाबांच्या बनियनचा कोपरा - राख आणि शिव्या.

मच्छरदाणी - मणी!! पांढरी! भोकं पण मस्त मोठी!

आई म्हणाली, "कोपऱ्यातला तुकडा काप. आख्खी कापलीस तर रात्री सगळे डास तुझ्या अंगावर सोडीन."

७ एप्रिल, मंगळवार

डोळा छापला. खराखुरा डोळा. जुन्या मुखवट्यावर बटर पेपर ठेवून काकांच्या देवाचा डोळा उतरवून आणला होता - पिवळा, कडेला लाल शिरा, मधे काळं गोल बुबुळ. तोच कॉम्प्युटरवर काढला, कागदावर छापला, कागद मच्छरदाणीवर पालथा टाकला आणि दाबला. कागद सोलला तर डोळा जाळीत! भोकं मोकळी! उजेडाकडं धरून दुकानाबाहेरचे ऑटो मोजले. सात.

एकच झालं. गोल डोळा लांबट आला. उष्णतेनं जाळी आटते, एका बाजूनं जास्त. सोपं आहे. आधी कोरीच जाळी दाबायची, आटायची तेवढी आटू द्यायची, मग छापायचं. शिवायच्या आधी कापड पाण्यातून काढतात तसं.

चंद्रभानदादांनी डोळा हातात घेऊन उलटापालटा केला. चहा सांगितला. म्हणजे आवडला!

८ एप्रिल, बुधवार

आज मार खायचा बाकी होता.

जाळीला भोकं असतात. म्हणजे शाईची वाफ भोकांतून खालीही जाते. खाली रद्दी कागद ठेवायचा असतो, मी काल ठेवला नव्हता. मशीनच्या गादीवर डोळा उमटला होता, कुणाच्या लक्षात नाही. सकाळी चंद्रभानदादांनी कुठल्यातरी भाऊंच्या वाढदिवसाचे बारा टी-शर्ट छापले. पुढं भाऊंचा हात जोडलेला फोटो. आणि पाठीवर फिकट लाल डोळा! पहिल्या टी-शर्टवर ठळक, मग फिका फिका होत पाचव्यापर्यंत.

"पाच माणसाच्या पाठीवर देव बघायलाय, भक्ते! काय सांगू गिऱ्हाइकाला?"

मी म्हणाले, माझ्या पगारातून कापा. तेवढ्यात गिऱ्हाईकच आलं. एक पोरगा, गॉगल डोक्यावर. टी-शर्ट उलटा केला, डोळा बघितला. तो म्हणाला, "अरे वा! नजर लागू नये म्हणून टाकला का? मंग सगळ्यालाच का न्हाई टाकला?"

उरलेल्या सातांवर मुद्दाम छापून दिला.

९ एप्रिल, गुरुवार

दोन्ही डोळे डावीकडं बघायलेत. एकच फाइल दोनदा छापली, दुसरी उलटी करायची विसरले. चंद्रभानदादा - "देव बसची वाट बघायलाय."

१२ एप्रिल, रविवार

आज देवाचे डोळे कापले. मी.

काकूच्या घरात मुखवट्याला कुणी मुखवटा म्हणत नाही. देवच म्हणायचं. जमिनीवर ठेवायचा नाही, सुपात गहू पसरून त्यावर ठेवायचा. कागदाचा लगदा आणि मेथीच्या पिठाचा आहे, काकांच्या वडिलांनी केलेला. आयाळ अंबाडीची. जवळून बघितलं तर रंगाचे थर एवढे, की वर्षं मोजता यावीत.

काकूनं नारळ फोडला. म्हणाली, "आधी देवाला विचार."

"काय विचारू?"

"म्हण, डोळे काढायले न्हाई, नवे बसवायलेय."

म्हणाले. मग करवतीच्या पात्यानं दोन्ही डोळे कापले. काकू पदर तोंडावर धरून बसली होती, जसं काही ऑपरेशनच. काका म्हणाले, "काप गं बिनघोर. एकतीस वर्सं मी त्याच्या आत हाय, मला म्हाईत हाय तो काय बोलत न्हाई."

जाळी नुसती चिकटवली तर लोंबते. म्हणून काकूच्या दोन प्लास्टिकच्या बांगड्या घेतल्या, सगळ्यात मोठ्या मापाच्या. जाळी बांगडीवर ताणून चिकटवली, कडा कापल्या, आणि बांगड्या आतून बसवल्या, पापणीच्या इंचभर मागं. बाहेरून फक्त पापणीच्या आकाराचा डोळा दिसतो.

काकांनी देव चढवला. बजरंगदादा दारात उभा, हाताची घडी.

"काका, दिसायलंय का?"

काका डावीकडं वळले. उजवीकडं वळले. मग, "अंधुक हाय जरा."

बजरंगदादा "हं" म्हणाला. नुसतं "हं"! पण मला माहीतच होतं! जाळीची मागची बाजू पांढरी राहते. पांढऱ्यावर उजेड पडला की तो डोळ्यातच चमकतो, पलीकडचं दिसत नाही. मागून काळी करायची. बस.

१३ एप्रिल, सोमवार

काळ्या मार्करनं धागा न् धागा मागून काळा केला. चार मार्कर संपले. बोटं काळी, नाक पण काळं, कॉलेजमध्ये सगळे हसायलेत. हसू द्या.

१५ एप्रिल, बुधवार

दुसरी ट्रायल. काका म्हणाले, "आता बरं हाय."

मी बोटं दाखवली. "किती?"

"दोन."

तीन होती.

काका हसले मुखवट्यातूनच, घुमल्यासारखं. "अगं, नरसिंहानं बोटं मोजली असती तर राक्षस मेला असता का?"

मग मीच देव डोक्यात घालून बघितला. काकूला विचारूनच. सगळं दिसतं! अंगणातली तुळस, दोरीवरचा टॉवेल, पलीकडच्या गोठ्यातल्या शेळीची दाढीसुद्धा! म्हणजे डोळे परफेक्ट आहेत. मग काकांना का नाही? विचार केला आणि कळलं. काकांचं तोंड लहान, मुखवटा आत हलतो. त्यांचे डोळे आणि माझे डोळे एका रेषेत येत नाहीत. आतून फोम लावायला पाहिजे.

माझ्याइतकं डोकं कुणी लावलं असतं का? खरंच सांगते, नाही.

१६ एप्रिल, गुरुवार

फोम लावला. कपाळाला, दोन्ही गालांना. काकांना खुर्चीवर बसवून पेन्सिलनं मापं घेतली. काका चष्मेवाल्याकडं बसतात तसे ताठ बसले होते. मी तसं म्हणालेही. काका म्हणाले, "मी कधी गेलोच न्हाई बघ चष्मेवाल्याकडं. आपल्याला गरजच न्हाई पडली."

चढवला. "आता?"

"झालं बघ! आता आरपार."

काकूनं लगेच चहा ठेवला. साखर विसरली. तसाच प्यायला सगळ्यांनी.

१८ एप्रिल, शनिवार

सोंग निघतं तिन्हीसांजेला. नरसिंह दिवसा पण नाही आणि रात्री पण नाही, मधल्या वेळेला आला ना - म्हणून. आणि मी सगळ्या ट्रायल भर दुपारी घेतल्या! मूर्ख.

आज सातला घालून बघितलं. दिसतं, पण कमी. नियम एकच: बाहेर उजेड पाहिजे, आत अंधार पाहिजे. उलटं झालं की आतल्या माणसाला काही दिसत नाही. म्हणून कमिटीला सांगितलं, पारापासून देवळापर्यंत चार हॅलोजन लावा. बजरंगदादा लगेच हो म्हणाला. त्याला पण आता इंटरेस्ट यायलाय. विचारत होता, "ही शाई धुतल्यावर जाती का?" म्हटलं, नाही जात. धागा जाईल, रंग नाही जाणार.

२० एप्रिल, सोमवार

देव रंगकामासाठी आमच्या घरी आणला. एक भारी गोष्ट कळली! डोळा पापणीच्या आत इंचभर खोल बसवलाय ना, त्यामुळं तुम्ही कुठंही उभं राहा, तो तुमच्याकडंच बघतो. डावीकडं जा, बघतो. खाली बसा, बघतो. व्हिडिओत ऐकलं होतं, पण एवढं!

आई स्वयंपाकघरातून ओरडली. "भक्ते! ह्याचं तोंड फिरव. भाकरी करायलेय तर हातावर बघायलाय."

फिरवलं. पाच मिनिटांनी परत. "आता पाठ करून बसला तर राग आल्यासारखं वाटायलंय. सरळ कर."

शेवटी हात जोडून त्याच्यावर टॉवेल टाकला आणि भाकरी केल्या.

२२ एप्रिल, बुधवार

कमिटीची बैठक, पारावर. देव टॉवेलखाली. मी टॉवेल काढला आणि एक जण तर उठून उभाच राहिला. हसू दाबायला मला ओठ चावावा लागला.

बजरंगदादा देवाच्या भोवती फिरला. डावीकडनं, उजवीकडनं. मग म्हणाला, "जमलं. मानलं तुला."

मग काकांना विचारलं, "काका, खरं सांगा. दिसतंय ना ह्याच्यातून?"

"दिसतंय की."

"स्वच्छ?"

"तुझ्या मिश्या दिसायल्या, बजरंग."

सगळे हसले. बजरंगदादाही. पण मग म्हणाला, "मंग शेला धरायला माणसं कशाला? धरून चालवला तर लोक म्हणतील नुसते दिखाव्याचे डोळे हायत. यंदा देव मोकळा सोडू. एकटा चालंल. पारापासून गाभाऱ्यापर्यंत."

काका विचार करत असतील. मीच बोलले, "काही गरज नाही धरायची! मी गॅरंटी देते."

काकांनी माझ्याकडं मान वळवली. मग म्हणाले, "चालंल."

येताना काकूनं माझा हात धरला. "भक्ती, धरणारे राहू दे ना माय. एक तरी."

"काकू, माझ्यावर भरवसा नाही का?"

"तुझ्यावर हाय गं," म्हणाली आणि पुढं चालायला लागली.

काकूला नव्या गोष्टीची भीती वाटते. गिझरची पण वाटते.

२४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी सहाच्या बससाठी निघाले तर काका पारापासून देवळाकडं चालत होते. अनवाणी. तोंडानं काहीतरी पुटपुटत. देवळाच्या पायरीशी थांबले, परत फिरले, परत पारापासून सुरू. मी हाक मारणार होते, पण त्यांची तंद्री मोडायला नको वाटलं.

बासष्ट वय! एकतीस वर्षं तेच सोंग! आणि तरी रिहर्सल. कॉलेजच्या गॅदरिंगवाल्यांना दाखवायला पाहिजे हे.

२७ एप्रिल, सोमवार

इंटर्नलचा पेपर होता. लिहिला.

२९ एप्रिल, बुधवार

संपलं. पापण्यांना सोनेरी कड, जिभेला नवं लाल कापड, आणि शेवटी मुखवट्याची आख्खी आतली बाजू काळ्या स्प्रेनं काळी केली. हॅलोजनचा उजेड आत कुठंच चमकायला नको. बाहेरून बघितलं तर विश्वास बसेना. दुपारी दिसत होते त्यापेक्षा डोळे जिवंत! जाळी आहे हे कळतच नाही, अगदी नाकाला नाक लावलं तरी.

वाळला तसा संध्याकाळी काकूच्या सुपात नेऊन ठेवला. काकांनी आजपासूनच उपास धरलाय. उद्या सोंग चढेपर्यंत पाणीसुद्धा नाही.

मी पण धरते म्हटलं. आई म्हणाली, "तुला पित्त हाय."

३० एप्रिल, गुरुवार

काय लिहू!! हात अजून गरम आहेत टाळ्या वाजवून.

पारावर बांबूचा खांब, वर्तमानपत्रं चिकटवून गेरूनं रंगवलेला. आत काका. सूर्य बुडायला लागला तशी हलगी सुरू झाली, मग झांजा. लोक घरांच्या गच्च्यांवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, झाडावर. हॅलोजन लागले. मग खांब थरथरला, आणि चर्रर्र करून कागद फाटला आणि देव बाहेर.

शेल्याची दोन्ही टोकं नुसती लोंबत होती. कुणीच धरलेलं नाही.

गर्दी एकदम दोन पावलं मागं सरली. देव जागेवर उभा. हळूच मान फिरवली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. शपथ, माझ्या शेजारची बाई म्हणाली, "माझ्याकडंच बघितलं," आणि तिच्या पलीकडची म्हणाली, "छ्या, माझ्याकडं." ट्रॉलीवरची लेकरं आयांच्या पदराआड. मी केलेत ते डोळे! मच्छरदाणी आहे ती! ओरडून सांगावं वाटत होतं.

मग नाचत निघाला. तीन पावलं पुढं, एक मागं, गिरकी. तीन पुढं, एक मागं. रस्त्यात मधेच सांडपाण्याची नाली आहे - बरोबर तिच्या आधी थांबला, पाय उचलून पलीकडं टाकला. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. बजरंगदादा दहा फुटांवरून चालत होता आणि त्याचे दोन्ही हात आपोआप पुढं यायलेत, मागं जायलेत. सवय!

काकू देवळाच्या दारात. घंटेची दोरी धरून सारखी वाजवत होती, एक क्षण थांबली नाही. तिच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं. एवढी कसली भीती!

पायरीशी देव उभा राहिला. मागच्या वर्षीची तीच पायरी. हलगी पण हळू झाली, सगळ्या गावाला आठवलं असणार. देवानं उजवा पाय पुढं केला, अंगठ्यानं दगड चाचपला - काय अभिनय! - आणि चढला. एक. दोन. तीन. उंबऱ्यावर कणकेचा हिरण्यकश्यपू ठेवलेला असतो, त्याच्यावर वाकला आणि पहिल्याच झडपेत दोन्ही हातांनी फाडला.

गाव नुसतं गरजलं.

गाभाऱ्यात देव उतरवला. काका घामानं निथळत होते, ओठ पांढरे. बजरंगदादानं वाकून पाय धरले. ज्या मनगटाला प्लास्टर होतं त्याच हातानं! म्हणाला, "काका, माफी असू द्या. हे दुसऱ्याला जमणार न्हाई."

मी गर्दीतून आत घुसले. "काका! दिसलं का? नीट दिसलं?"

काकांनी आवाजाच्या बाजूला तोंड केलं, हसले. "लय स्वच्छ, पोरी. गल्लीतला एक अन् एक माणूस दिसला. तूबी दिसलीस."

आता झोपणार कशी मी?

१ मे, शुक्रवार

काकांना बघून आले, झोपलेलेच होते. दुकानात हार! चंद्रभानदादांनी मशीनला आणि मला, दोघींना घातला. मशीनला आधी.

ताडकळसहून फोन आला. तिथं कुणाकडं रावणाचं सोंग आहे, दहा तोंडं. वीस डोळे!! म्हटलं, करते की. ते म्हणाले, आतून कसं बसवलंय त्याचे फोटो पाठवा.

आणि गावाच्या ग्रुपवर बजरंगदादाचा मेसेज: "सर्वांच्या सहमतीने. १) नरसिंहाचं सोंग मुंजाजीकाकांकडे तहहयात. २) पुढल्या वर्षीपासून शेला धरायची प्रथा बंद. देव मोकळाच चालणार." खाली अंगठेच अंगठे.

तहहयात! माझ्या डोळ्यांमुळं!

२ मे, शनिवार

फोटो काढायला काकूकडं गेले. देव सुपातून उचलला, उजेडाकडं उलटा धरला. दोन्ही डोळ्यांच्या मागं काळ्या कार्डशीटचे गोल चिकटलेले होते. मीच लावलेले, बुधवारी, स्प्रेनं भोकं बुजू नयेत म्हणून. काढायचे राहिले. काळ्यावर काळं, कुणाला दिसणार? मी घालून बघितलं. समोर बल्ब लावला तरी मिट्ट अंधार.

काका ओसरीवर बसले होते. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, दोन हातांवर, भर उन्हात. बोलले नाही.

काका म्हणाले, "कोण, केशर?"

काकू माझ्या मागंच उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि नुसती मान हलवली, कुणाला सांगू नको म्हणून. त्या सकाळचं पुटपुटणं म्हणजे मोजलेली पावलं, आणि काकूची घंटा म्हणजे वाट.

घरी येऊन ग्रुपवर टाकलं: "बजरंगदादा, माझी चूक झाली. डोळ्यांच्या मागचा कागद काढायचा राहिला होता. आतून काहीच दिसत नव्हतं. तरी काका एकटे चालले, तसं दुसरं कुणी चालू शकणार नाही. देव त्यांच्याकडंच राहू द्या. पण माझ्या जाळीच्या भरवशावर शेला सोडू नका. पुढच्या वर्षी धरायला दोन्ही बाजूंनी माणसं पाहिजेत."